दुनळीची डावी नळी: एका जुन्या बंदुकीच्या दुरुस्तीचं प्रकरण

हे प्रकरण एका बारा बोअर दुनळीचं आहे. बंदूक बर्मिंगहॅमची, मालक राधानगरी रस्त्यावरच्या एका गावातले आणि काम माझ्या कोल्हापुरातल्या दुकानातलं. मालकांना विचारूनच लिहितोय. नाव-गाव मुद्दाम देत नाही. ‘नळ्या झिजल्यात, पहिल्यासारख्या करून द्या’ ही मागणी आमच्याकडे वरचेवर येते आणि बहुतेक ठिकाणी तिला एकच उत्तर मिळतं: नळी आतून घासायची आणि चकचकीत करून हातात द्यायची. हे उत्तर का चुकतं आणि खरी दुरुस्ती कुठपर्यंत जाऊ शकते, हे या एका बंदुकीत जितकं स्पष्ट दिसलं तितकं एरवी क्वचितच दिसतं.

बंदूक घेऊन आले ते आण्णा आणि त्यांचा मुलगा. परवाना आण्णांच्या नावावर, वय सत्तरीच्या पुढे. बंदूक त्यांच्या वडिलांनी घेतलेली. त्या काळी दाजीपूरच्या बाजूला शिकार हा सरदार-इनामदारांचा आणि त्यांच्या सोबतच्या माणसांचा विषय होता. ते रान संस्थानचं राखीव शिकारक्षेत्र होतं, १९५८ मध्ये त्याचं अभयारण्य झालं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली. त्यानंतर ही बंदूक वर्षातून एकदा खंडेनवमीला बाहेर यायची. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ आणि परत कपाटात. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर सोडवून आणायची. एवढाच तिचा प्रवास.

मुलाचं म्हणणं वेगळं होतं. ऊस आणि भुईमुगात रानडुकरं घुसतात, बंदूक घरात असून उपयोग काय? “मिस्त्री, दोन्ही बार व्हायला पायजेत बघा. आतनं जरा काळपट हाय, तेवढं पॉलिश मारा.” त्याला आधीच सांगितलं की वन खात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर बंदूक रोखता येत नाही, आणि लग्न-वरातीत हवेत बार काढायचा विचार असेल तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तो म्हणाला, तसलं काही नाही, पण बंदूक चालू स्थितीत हवी. मागणी रास्त होती. परवान्याची प्रत घेतली, रजिस्टरला नोंद केली आणि बंदूक ठेवून घेतली.

बंदूक काय सांगते

जुन्या इंग्रजी बंदुकीचा इतिहास तिच्या नळ्यांच्या बुडाशी, सपाट भागावर ठोकलेला असतो. हिच्यावर मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी असे शिक्के होते. हे बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळी जास्त दाबावर तपासून शिक्का देणाऱ्या संस्थेचे, १९०४ नंतरचे शिक्के. चेंबरसाठी, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या घरासाठी, चौकटीत १२ आणि सी होतं, पण चेंबरची लांबी लिहिलेली नव्हती. ती लिहिण्याची पद्धत १९२५ च्या नियमांनी आली, म्हणजे बंदूक त्या दोन सालांच्या मधली. रचना बॉक्सलॉक, म्हणजे घोडे-चापाची यंत्रणा आतल्या चौकटीत बसवलेली, ॲन्सन आणि डीलीच्या १८७५ च्या पेटंटवरची. रिबवर, म्हणजे दोन नळ्यांना जोडणाऱ्या लांब पट्टीवर, नाव मात्र कलकत्त्याच्या विक्रेत्याचं. तेव्हाचे मोठे विक्रेते बर्मिंगहॅममधून बंदुका बनवून घेत आणि आपलं नाव कोरून इथे विकत, त्यामुळे रिबवरचं नाव म्हणजे कारखानदार असं धरून चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा शिक्का साधा ‘१२’ होता. हा बोअरचा आकडा. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास येतो तो बारा बोअर: ०.७२९ इंच, म्हणजे साधारण १८.५ मिलिमीटर. त्या काळी बर्मिंगहॅममध्ये ०.७१९ च्या नळीवर १३/१, ०.७२९ वर १२ आणि ०.७४० वर १२/१ असं ठोकत. म्हणजे ही नळी प्रूफ हाऊसमधून बाहेर पडली तेव्हा किती होती ते आपल्याला ठाऊक आहे. आज ती किती आहे ते मोजलं की मधल्या शंभरेक वर्षांत किती पोलाद गेलं ते कळतं. बोअर ब्रीचपासून, म्हणजे नळीच्या बुडापासून, नऊ इंचांवर मोजतात आणि मूळ आकड्यापेक्षा दहा थाऊहून (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त वाढला असेल तर ती नळी ‘प्रूफबाहेर’ गेली असं इंग्लंडात मानतात. म्हणजे तिच्यावरच्या शिक्क्याचा अर्थ संपला.

मोजण्याआधी नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या, खालच्या हुकातून बोटावर लटकवल्या आणि लाकडी मुठीने हलकी टिचकी मारली. रिबा नीट जोडलेल्या असतील तर नळ्या देवळातल्या घंटेसारख्या लांबवर वाजतात. या नळ्यांनी ठप्प असा आवाज दिला आणि त्यामागे बारीक खरखर. म्हणजे रिबेचा डाग, कथील-शिशाचा सांधा, कुठेतरी सुटलाय आणि आत काहीतरी मोकळं आहे. बंदूक विकत घेणाऱ्या कुणालाही ही टिचकी मारता येते, तिला एक पैसाही लागत नाही, आणि तरी मी ती मारताना फार कमी लोक पाहिलेत.

आकडे

बोअर मोजायला लांब दांड्याचा डायल गेज लागतो आणि भिंतीची जाडी मोजायला वेगळं साधन. त्यात एक लांब उभी सळई असते, तिच्या टोकाला गोळी. नळी त्या सळईवर घालायची, बाहेरून डायलचं टोक टेकवायचं आणि नळी हळूहळू फिरवत खाली-वर सरकवायची. काटा जिथे सगळ्यात कमी दाखवतो तिथे खडूची खूण. हे काम घाईत होत नाही, कारण जुन्या नळीचं आतलं भोक बाहेरच्या गोलाच्या मध्यावर क्वचितच असतं. एका बाजूला भिंत जाड आणि त्याच्या बरोबर समोर पातळ, असं सर्रास सापडतं. एका जागी मोजून ‘जाडी चांगली आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

उजवी नळी: नऊ इंचांवर बोअर ०.७३६, म्हणजे सात थाऊ वाढलेला. प्रूफच्या आत, पण जेमतेम. सगळ्यात पातळ जागी भिंत २७ थाऊ, म्हणजे ०.६९ मिलिमीटर. वयाच्या मानाने उत्तम.

डावी नळी: बोअर ०.७४५. सोळा थाऊ वाढ, प्रूफच्या सरळ बाहेर. पातळ जागी भिंत १७ थाऊ, ०.४३ मिलिमीटर. इंग्लंडातले चांगले कारागीर २० थाऊच्या खाली गेलेली नळी धोक्याची मानतात. हा आकडा कायद्यात नाही, धंद्याच्या अनुभवातून आलेला आहे आणि मी तो पाळतो.

आता ही सोळा थाऊ गेली कुठे? व्यास सोळाने वाढला म्हणजे भिंतीतून सगळीकडून आठ थाऊ गेलं. एवढं गंजाने एकसारखं खाल्लं जात नाही. नळीत दिवा धरून पाहिलं तर उत्तर दिसत होतं: लांबीच्या दिशेने नव्हे, तर गोल फिरलेले बारीक ओरखडे, आणि त्यांच्या तळाशी अजून शिल्लक असलेले काळे खड्डे. कुणीतरी सळईला एमरी, म्हणजे घासायचा कागद, गुंडाळून, ती ड्रिलला लावून आत फिरवली होती. आण्णांना विचारलं तेव्हा त्यांना आठवलं, वडील गेल्यानंतर एकदा बाहेरगावी कुणाकडे तरी ‘साफ’ करायला दिली होती. खड्डे पुसले जाईपर्यंत घासायचं असं त्याने ठरवलं असणार, आणि अर्ध्यात भिंत पातळ वाटल्यावर थांबला असणार. खड्डे राहिले, पोलाद गेलं.

इथे नळीतला गंज मुळात येतो कुठून ते सांगायला हवं, कारण त्याचा दोष लोक दमट हवेवर टाकून मोकळे होतात. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत चिकटतं. ते एक प्रकारचं मीठच. हवेतलं पाणी ओढतं आणि पोलाद खातं. आपल्याकडच्या पावसाळ्यात एका रात्रीत त्याचं काम सुरू होतं. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून जुने जाणते शिकारी संध्याकाळी मुक्कामावर आले की आधी नळीतून उकळतं पाणी ओतत, कोरडी करत आणि मगच तेलाचा बोळा फिरवत. नुसतं तेल लावणाऱ्यांच्या नळ्या तेलाखाली गंजल्या. उकळत्या पाण्याची ही रीत पुढच्या पिढीला कुणी सांगितली नाही, कारण पुढच्या पिढीने बार काढलेच नाहीत.

चेंबरचंही बोलायला हवं. या काळच्या बंदुकांचं चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचं असतं, आणि हिचं मोजूनही तेवढंच भरलं. मुलाने सोबत आणलेल्या डबीत काडतुसं ७० मिलिमीटरची होती. “बसतात की व्यवस्थित,” त्याने घालून दाखवलं. बसतातच. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यावर तोंड उलगडल्यानंतरची असते. दुमडलेल्या तोंडाचं भरलेलं काडतूस साठ मिलिमीटरच्या आसपास असतं. ते चेंबरमध्ये सहज जातं, पण उडताना तोंड उघडायला पुढे जागा नसते, ते निमुळत्या भागात घुसतं आणि छर्ऱ्यांची वाट आवळते. दाब वाढतो. घरात ७० मिलिमीटरची जुनी उडालेली टरफलंही होती. ती मागवून घेतली. तोंडाची कड फाटून झालर झालेली. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी ती उडवली होती. बंदूक फुटली नाही हे नशीब.

मार्ग कोणते होते

पहिला मार्ग, मुलाने सुचवलेला: पॉलिश. उरलेले खड्डे काढायचे म्हणजे आणखी चार-पाच थाऊ आतून काढायचं. डाव्या नळीत ते शक्यच नव्हतं. उजवीतही मी ते करणार नव्हतो, कारण तीन थाऊ वाढ झाली की तीही प्रूफच्या काठावर. उजव्या नळीतले बारीक खड्डे तिथेच राहिले तर काय बिघडतं? स्वच्छ करून, तेल लावून ठेवले तर काहीच नाही. खड्डा दिसायला वाईट असतो, पातळ भिंत दिसतच नाही, आणि माणूस दिसतं त्याच्यावर पैसे खर्च करतो. मला या धंद्यात सगळ्यात जास्त त्रास होतो तो याच गोष्टीचा.

दुसरा मार्ग स्लीव्हिंगचा. नळ्या ब्रीचपासून तीनेक इंच ठेवून कापायच्या, उरलेल्या बुंध्यात आतून जागा करायची आणि नव्या पोलादाच्या नळ्या त्यात पक्क्या बसवायच्या. रिबा परत लावायच्या. इंग्लंडात हे काम रीतसर होतं, पण नंतर बंदूक पुन्हा प्रूफ हाऊसला जाते, कमाल नेहमीच्या दाबापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दाबाचं काडतूस तिच्यातून उडवलं जातं आणि ती टिकली तर ‘स्लीव्ह्ड’ असं तिच्यावर ठोकलं जातं. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून हेच करत आलंय. आपल्याकडून बंदूक तिकडे पाठवायची तर निर्यातीचा आणि परत आणताना आयातीचा परवाना लागतो. खर्च नव्या बंदुकीच्या वर जातो.

इथे मुलाच्या पाहुण्यांपैकी एक जण दुकानात आले. उद्यमनगरात त्यांचं मशीन शॉप. हात चांगला, माणूस सरळ. त्यांनी नळ्या हातात घेऊन आतून-बाहेरून नीट पाहिल्या आणि म्हणाले, “ह्यात काय अवघड हाय? हायड्रॉलिकचा सीमलेस पाइप घेतो, होन करतो, बाहेरनं टेपर टर्न करतो. तीनशे बारला टेस्ट केलेला पाइप असतोय.” त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, म्हणून त्यांना उत्तरही आकड्यांतच दिलं. इथे बार म्हणजे दाबाचं एकक. आजच्या साध्या बारा बोअर काडतुसासाठी कमाल सरासरी दाबाची आंतरराष्ट्रीय मर्यादा ७४० बार आहे. पाइप ३०० बारला टिकतो तो त्याच्या तीन-चार मिलिमीटर भिंतीमुळे. तो बाहेरून खाली घेत एक मिलिमीटरच्या आत आणला की ती चाचणी त्या पाइपची राहिलीच नाही. भिंतीतला ताण दाबाला त्रिज्येने गुणून जाडीने भागला की येतो. जाडी अर्धी केली की ताण दुप्पट. शिवाय हायड्रॉलिकमध्ये दाब चढतो आणि राहतो. इथे तो डोळ्याची पापणी लवायच्या आत शून्यातून शिखरावर जाऊन उतरतो, सोबत धग आणि छर्ऱ्यांचा घाव. आणि ज्या सांध्यात नवी नळी बसणार तो सांधा चेंबरच्या अगदी पुढे, दाब अजून मोठा असतो तिथे.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी कायदा आहेच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोजले जातात. परवान्याशिवाय नळी बनवणं म्हणजे परवान्याशिवाय शस्त्र बनवणं. दुरुस्तीचा परवाना माझ्याकडे आहे, तोही मला नळी बनवू देत नाही. पाहुण्यांनी ते ऐकलं, नळ्या जागेवर ठेवल्या आणि म्हणाले, “मग आमी ह्यात पडत न्हाई.” विषय तिथे संपला आणि मला हायसं वाटलं, कारण कोल्हापुरात लेथवर काय होऊ शकत नाही ते सांगणं अवघड असतं. इथे लेथवर इतकं काही होत असतं.

तिसरा मार्ग: जेवढं पोलाद आहे तेवढं जपायचं, सांधे पक्के करायचे, आणि नळी उडवायच्या लायकीची आहे की नाही हे मोजमापावर ठरवायचं.

रिबेखाली काय होतं

रिब सुटलेली होतीच, त्यामुळे ती काढणं भाग होतं. वरची रिब तोंडाकडून अर्ध्यापर्यंत सुटलेली, खालची दोन ठिकाणी. तापवून डाग सोडवला आणि रिब उचलली तेव्हा आतून तांबूस भुगा सांडला. खरखर त्याचीच होती. दोन नळ्यांच्या मधल्या त्या अरुंद पोकळीत पावसाळ्याचं पाणी कधीतरी शिरलं होतं आणि बाहेर यायला वाट नसल्याने तिथेच बसलं होतं. वरून बंदूक पुसली जात होती, दसऱ्याला उजळवली जात होती, आणि आतून नळी बाहेरच्या बाजूने खाल्ली जात होती.

भुगा झटकून, ब्रशने आणि रॉकेलने जागा साफ केली. डाव्या नळीच्या पाठीवर, ब्रीचपासून अकरा इंचांच्या आसपास, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत तीन खड्डे एकमेकांत मिसळलेले. रिब असताना तिथे डायल पोहोचतच नव्हता. आता पोहोचला. खड्ड्याच्या कडेला भिंत २२ थाऊ, खड्ड्याची खोली ९ थाऊ. म्हणजे तळाशी १३ थाऊ, ०.३३ मिलिमीटर पोलाद. आतून एमरीने आठ थाऊ काढलं नसतं तर तिथे २१ राहिलं असतं आणि मी कदाचित वेगळा निर्णय दिला असता. बाहेरचा गंज आणि आतलं पॉलिश एकाच जागी भेटले होते.

आण्णा आणि मुलगा दोघांनाही बोलावून घेतलं. हे फोनवर सांगायचं काम नव्हे. मुलाचा अंगठा त्या खड्ड्यावर ठेवला, आकडे दाखवले. तो गप्प झाला, मग म्हणाला, “उजवीतनं तर बार काढता यील?” प्रश्न बरोबर होता. उजवी नळी कागदावर पास होती. ६५ मिलिमीटरच्या हलक्या काडतुसाला ती नाही म्हणायचं कारण मला आकड्यांत सापडत नव्हतं. तरी मी नाही म्हणालो. दुनळीत दोन घरं असतात, आणि काडतुसं खिशात असली की कधीतरी कुणीतरी दुसरं घरही भरतं. परवाना आज आण्णांचा आहे, उद्या मुलाचा, परवा नातवाचा. ‘डावी वापरायची नाही’ ही सूचना तितका प्रवास करेल याची खात्री कोण देणार? आणि त्या खड्ड्याची जागा पाहा. बंदूक खांद्याला लावली की डावा हात नळ्यांना खालून धरतो, तो ब्रीचपासून साधारण याच अंतरावर. फुटली तर हाताच्या पंजात फुटणार.

मुलगा म्हणाला, “म्हंजे बंदूक गेलीच की.” आण्णांनी त्याच्याकडे न बघता मला विचारलं, “पूजेला ठेवता यील न्हवं? आन पुन्हा गंजायची न्हाई असं करता यील?” ते करता येण्यासारखं होतं, आणि ते नीट करणं म्हणजेही दुरुस्तीच आहे.

केलेलं काम

दोन्ही नळ्यांत मिळून तीन पोचे होते. उजवीतले दोन आतून बरोबर मापाचा पितळी ठोकळा घालून, वरून अलगद ठोकत उचलले. पोचा वर येताना बाहेरून कानस मारून सपाट करायचा मोह होतो. तोच मोह आधीच्या कुणाला तरी झाला होता, डाव्या नळीच्या बगलेवर सपाट घासलेली जागा स्पष्ट होती. डावीतला पोचा तसाच ठेवला. १७ थाऊच्या भिंतीला ठोकण्यात अर्थ नाही. नळ्या ब्रीचला थोड्या ढिल्या बसत होत्या, ते नेहमीचं काम, त्यावर लिहीत नाही.

रिबा परत बसवताना खरी काळजी फ्लक्सची, म्हणजे डाग धरावा म्हणून आधी लावतात त्या पदार्थाची. जस्ताच्या क्लोराइडचा तयार फ्लक्स पटकन काम करतो, पण त्याचा अंश रिबेखाली राहिला तर तो पाण्याइतकाच गंज आणतो, आणि तिथे धुवायला हात जात नाही. म्हणून राळ वापरली. नळ्या आणि रिबा दोन्हींना आधी कथलाची कल्हई केली, मधले जुने पॅकिंग तुकडे साफ करून त्यांच्या जागी बसवले, तारेने बांधून लोखंडी पाचरी मारल्या आणि टप्प्याटप्प्याने तापवत डाग ओढवून घेतला. थंड झाल्यावर पुन्हा बोटावर लटकवून टिचकी. या वेळी आवाज लांबला. आण्णांना तो फोनवरून ऐकवला.

रंगाचं काम तितकंच जपून. आजकाल बंदुका काळ्या करायला कॉस्टिकच्या उकळत्या क्षारांची टाकी वापरतात. नव्या, एकसंध नळीला ते ठीक. जुन्या दुनळीला ते विष आहे: कॉस्टिक कथील-शिशाचा डाग खातं, क्षार रिबेखाली शिरतात आणि वर्षभरात रिबा पुन्हा सुटतात. म्हणून जुनी पद्धत. नळ्यांचं तेल चुनखडीने पूर्ण काढायचं, गंज आणणारं द्रावण पातळ लावायचं, दमट जागी ठेवायचं. काही तासांत वर तांबूस पापुद्रा येतो. मग नळ्या उकळत्या पाण्यात. तो तांबूस गंज पाण्यात उकळून काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. मऊ तारेच्या ब्रशने सैल काजळी काढायची आणि पुन्हा द्रावण. पहिल्या फेरीत रंग डागाळ करडा, मग तपकिरी, आणि फेऱ्या वाढत गेल्या तसा खोल, मंद काळा. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, कथील-शिशाचा डाग १८३ अंशांच्या आधी हलत नाही, त्यामुळे सांधे सुरक्षित. हे काम पावसाळ्यात काढलं, कारण हवेतला ओलावा तेव्हा फुकट मिळतो. बंदुकीचा शत्रू असलेला तोच ओलावा इथे कामाला येतो.

आतून नळ्यांना कांस्याचा ब्रश आणि तेल, एवढंच. खड्डे दिसतात तसे दिसू दिले. मुलाने दिव्यावर धरून पाहिलं आणि विचारलं, “आतनं अजून काळं हाय?” हो, आहे. ते काळं काढायचं म्हणजे नळी काढायची.

बिलावर आणि रजिस्टरमध्ये दोन्हीकडे स्पष्ट लिहिलं: ‘डावी नळी प्रूफबाहेर, भिंत किमान १३ थाऊ, बंदूक उडवण्यास अयोग्य.’ सोबत मोजमापाचा तक्ता दिला. घोडे सैल करण्यासाठी दोन खोटी काडतुसं दिली, म्हणजे रिकाम्या घरावर चाप ओढायची गरज नाही. घरातली ७० मिलिमीटरची काडतुसं परवान्यावरच्या नोंदीसह रीतसर परत करायला सांगितली. ठेवण्याबद्दल तीन गोष्टी: चामडी किंवा कापडी खोळीत कायम ठेवायची नाही, ती ओल धरून बसते; तेलाचा हात पातळ, आणि नळीचं तोंड खाली करून ठेवायची, म्हणजे तेल उतरून दस्त्याचं लाकूड कुजवणार नाही; पूजेनंतर हळदकुंकू आणि नारळाचं पाणी त्याच दिवशी पुसून काढायचं. तिसरी गोष्ट आण्णांना थोडी लागली असावी, पण त्यांनी मान हलवली.

अजून उघडं असलेलं

परवाना मुलाच्या नावावर करण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज गेलाय. परवानाधारक सत्तरीला पोहोचला किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली की २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार वारसाला तसा अर्ज करता येतो. २०१९ पासून एका माणसाला दोनच शस्त्रं चालतात, वारशाने आलेलं धरूनही, म्हणजे मुलाला शेतीसाठी दुसरी बंदूक घ्यायची झाली तर जागा एकच उरते. ते त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.

स्लीव्हिंगचा विषय त्याने पूर्ण सोडलेला नाही. देशातल्या एखाद्या परवानाधारक उत्पादकाकडून हे काम होईल का, याची तो चौकशी करतोय. त्याला माझी हरकत नाही. उलट नीट झालं तर मला ती बंदूक पुन्हा मोजायला आवडेल. त्याला चार गोष्टी लेखी मागायला सांगितल्यात: नळीच्या पोलादाचं प्रमाणपत्र, बसवल्यानंतर प्रूफ चाचणी कुठे आणि किती दाबावर होणार, चेंबर ६५ ठेवणार की ७० करणार, आणि काम झाल्यावर परवान्यावरची नोंद कोण आणि कशी बदलून देणार. एका ठिकाणाहून दर आला. त्यात पहिल्या तीन गोष्टींचा उल्लेखच नव्हता. मी त्याला ते पत्र परत पाठवायला सांगितलं, प्रश्नांखाली लाल रेघ मारून.